बोरघाटातला चढ सायकलसाठी राखून ठेवा: रस्ते विकास महामंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, मुंबई

विषय: खोपोली ते खंडाळा घाटरस्त्यावर चढाच्या बाजूने सायकलसाठी जागा राखण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी खोपोलीची रहिवासी आहे आणि सायकल चालवते. आमच्या गावातून जो रस्ता शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळ्याला चढतो, त्याबद्दल एक मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. मागणी सुरुवातीलाच सांगते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा घाटाचा टप्पा टाळणाऱ्या नव्या रस्त्यामुळे, म्हणजे मिसिंग लिंकमुळे, घाटातल्या रस्त्यावरचा भार हलका होईल, तेव्हा मोकळ्या होणाऱ्या जागेतली दीड ते दोन मीटर रुंदीची पट्टी, फक्त चढाच्या बाजूला, खोपोलीच्या पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत सलग, सायकलसाठी राखून ठेवा. बाकीचे जे काही लिहिते आहे ते ही मागणी का रास्त आहे, एवढे सांगण्यासाठी.

मिसिंग लिंकची गरज का पडली, ते आपल्याच महामंडळाने प्रकल्प मांडताना सांगितले आहे. सहा पदरी द्रुतगती मार्ग आणि चार पदरी जुना राष्ट्रीय महामार्ग आडोशी बोगद्याजवळ एकत्र येतात आणि खंडाळा एक्झिटला वेगळे होतात. म्हणजे दहा पदरांची वाहतूक मधल्या टप्प्यात सहा पदरांत कोंबली जाते. सुट्टीच्या दिवशी तासन् तास अडकून पडलेल्या गाड्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिल्या आहेत. म्हणून १३.३ किलोमीटरचा नवा रस्ता, १.७५ आणि ८.९२ किलोमीटरचे दोन बोगदे, टायगर व्हॅलीवरचा केबल-स्टे पूल. लोणावळ्याच्या तलावाखालून बोगदा नेणे ही साधी गोष्ट नाही. आपल्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी केलेल्या या कामाबद्दल मला आदर आहे, आणि या पत्रातली एकही ओळ त्या प्रकल्पाच्या विरोधात नाही. उलट त्या प्रकल्पामुळेच ही मागणी करण्याची वेळ पहिल्यांदा आली आहे.

दहाचे सहा पदर होताना गाडीवाल्याचा वेळ जातो. त्याच जागी सायकलवाल्याचा जीव टांगणीला लागतो, आणि ही बाजू प्रकल्पाच्या चर्चेत कधी आली नाही. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण दोन्ही रस्ते एक होतात तिथे जुन्या महामार्गाने आलेल्या माणसाला दुसरी वाटच नसते. खोपोलीहून शिंग्रोबापर्यंत तो आपल्या रस्त्याने चढत येतो आणि मग एकदम भरधाव मोटारींच्या आणि कण्हत चढणाऱ्या कंटेनरांच्या शेजारी येऊन पडतो. डाव्या हाताला कठडा, उजव्या हाताला ट्रेलरची मागची चाके. पाय पेडलवर असतात, पण सगळे लक्ष पाठीमागून येणाऱ्या आवाजावर. याच टप्प्यात एका मालट्रकने मला कठड्याला इतके चिकटून ओलांडले होते की हँडलचे डावे टोक लोखंडाला घासले. चालकाला मी दिसलेसुद्धा नसणार, आणि त्याला दोष देऊन काही हाती लागत नाही. त्या रस्त्यावर त्याच्यासाठी जागा आखलेली होती, माझ्यासाठी नव्हती.

आता चढाबद्दल थोडे, कारण सायकलला जागा लागते ती चढावर, उतारावर नाही. ही गोष्ट ज्याने घाट कधी पायांनी चढलेला नाही त्याला सहज पटत नाही. खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर आहे आणि खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. मध्ये आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता. सरासरी चढ पाच-सहा टक्के निघतो, पण घाटाला सरासरीशी देणेघेणे नसते; शिंग्रोबाच्या अलीकडची वळणे त्याहून पुष्कळ उभी आहेत. शेजारून जाणारी रेल्वेसुद्धा ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आतच चढते आणि तरी तिला कर्जतहून मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात. सायकलवाला तिच्या दुप्पट चढ स्वतःच्या दोन पायांवर काढतो. अशा वेळी वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो.

इतक्या कमी वेगात सायकल सरळ रेषेत चालत नाही. सायकलचा तोल वेगाने राहतो. वेग उतरला की प्रत्येक पेडलागणिक पुढचे चाक वीतभर इकडे, वीतभर तिकडे होते. चालवणारा सीटवरून उठून उभा राहिला की आणखी जास्त. हा नवशिकेपणा नाही, शर्यतीत मुरलेल्यांचेही असेच होते. म्हणून सपाटीवर ज्याला पाऊण मीटर पुरते, त्याला चढावर दीड मीटर लागतात, आणि तेवढ्यातच मागून तिप्पट-चौपट वेगाने वाहन येत असते. उतारावर हे सगळे उलटे होते. सायकल मोटारीच्या जवळपास वेगाने उतरते, सरळ धावते, आणि तिने मुख्य पदरातून जाणेच जास्त सुरक्षित असते. कडेच्या खडीत तिला ढकलणे धोक्याचे. म्हणूनच मी पूर्ण रस्त्याच्या दोन्ही बाजू मागत नाही. एकच बाजू, चढाची. डोंगरात जागा किती मोलाची असते आणि कडा फोडणे किती महाग पडते ते आम्हा खोपोलीकरांना वेगळे सांगायला नको.

हे तत्त्व आपल्या कायद्यालाही परके नाही. घाटरस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम आपल्या रहदारीच्या नियमांत आहे आणि एसटीचे जुने चालक तो अजून पाळतात. चढणारे वाहन थांबले तर पुन्हा निघायला त्याला कष्ट पडतात, म्हणून तो नियम. सायकलला तो सगळ्यात जास्त लागू पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसची सायकल मार्गांसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे, डोंगरी रस्त्यांसाठी वेगळी. आपल्या अभियंत्यांच्या टेबलावर दोन्ही असतील. त्या एकत्र ठेवून या आठ-नऊ किलोमीटरकडे एकदा पाहा, एवढेच म्हणणे आहे.

बोरघाट मुंबई-पुण्याच्या सायकलवाल्यांसाठी काय आहे, हे बाहेरच्या माणसाला कळावे म्हणून मुंबई-पुणे सायकल शर्यतीची आठवण काढते. कित्येक पिढ्यांनी ही शर्यत रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिली आहे. शर्यत जिंकणाऱ्याला बक्षीस असतेच, पण घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला वेगळा मान असतो: घाटाचा राजा. टूर द फ्रान्समध्ये डोंगरात सर्वांत पुढे असणाऱ्याला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. आपल्याकडे त्याच तोलाचा हा किताब आहे आणि तो याच घाटाचा आहे. खोपोलीत म्हाताऱ्या माणसांना शर्यतीचा शेवट कुठे होतो याच्याशी कर्तव्य नसे. पुण्यात काय व्हायचे ते होवो, घाटात पुढे कोण होता एवढेच ते विचारायचे. शर्यतीच्या सकाळी गाव पायथ्याशी गोळा व्हायचे, पोरे वळणावळणांवर जागा धरून बसायची, आणि ज्याच्या हातात पाण्याची बादली असेल त्याने सायकलवाल्याच्या डोक्यावर ओतायची, मग तो कुठल्याही राज्याचा असो.

शर्यतीच्या दिवशी रस्ता रिकामा केला जातो. पण घाटाचा राजा त्या एका दिवशी घडत नाही. तो वर्षभर पहाटे उठून याच चढावर घडतो, ट्रकच्या धुरात आणि कडेच्या खडीत. आज महाराष्ट्रातली मुले-मुली सायकलवर काय काय करताहेत ते पाहा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका दोघांच्या संघातून पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, रॉकी पर्वत ओलांडून. दर वीकएंडला मुंबई-पुण्यातून शेकडो साधी नोकरदार माणसे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, २०० किलोमीटरची साडेतेरा तासांत, ६०० ची चाळीस तासांत संपवण्यासाठी निघतात. यातल्या कुणालाही सराव करायचा तर घाट हवाच. सपाटीवर किलोमीटर मोजून चढाची तयारी होत नाही. आणि मुंबईच्या बाजूने सह्याद्री चढायचा तर सर्वांत जवळचा, लोकलने पायथ्याशी पोचता येणारा घाट हाच.

या घाटाची वाट फार जुनी आहे. कार्ल्या-भाज्याची लेणी सांगतात की दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी आणि भिक्खू कोकण आणि देश यांच्यामधली ही वाट तुडवत होते. चाकांच्या गाड्या जातील असा रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात झाला. २१ एप्रिल १८६३ ला रेल्वे घाट चढली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ते ओस पडलेले असताना, वाहतुकीला अडचण ठरणारा ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल पाडला गेला. आणि आता मिसिंग लिंक. प्रत्येक वेळी आधीपेक्षा वेगाने जाणाऱ्यासाठी नवी वाट झाली, आणि त्यात गैर काही नाही. पण प्रत्येक वेळी मागे उरलेली वाटही हळूहळू त्याच वेगवानांच्या हाती गेली. पायी जाणारा, बैलगाडीवाला, सायकलवाला एकेक करत कडेला सरकत गेले, आणि आता कडेच्या पलीकडे दरी आहे.

ज्या वर्षांत माल्कमचा रस्ता होत होता, जवळजवळ त्याच वर्षांत आल्प्समध्ये स्टेल्व्हिओ घाटाचा रस्ता झाला: १८२५ मध्ये, कार्लो दोनेगानी या अभियंत्याच्या हातून. उंची २७५७ मीटर, एका बाजूने ४८ हेअरपिन वळणे, प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक कोरलेला. तो रस्ता सैन्यासाठी आणि कारभारासाठी बांधला होता, आपलाही तसाच. आज तिथे जड वाहतुकीसाठी डोंगराखालून आणि दुसऱ्या खिंडींतून वाटा आहेत आणि स्टेल्व्हिओ जगभरच्या सायकलवाल्यांचा झाला आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस एक दिवस तो मोटारींना पूर्ण बंद ठेवतात आणि हजारो माणसे सायकलने माथ्यावर जातात. फ्रान्सच्या ओत-आल्प विभागात तर जुलै-ऑगस्टमध्ये वेगवेगळे घाट ठरलेल्या सकाळी काही तास सायकलसाठी राखीव असतात. इझोआर आणि गालिबिएसारखे नावाजलेले घाटही. बाकीच्या दिवशीही चढाच्या कडेला दर किलोमीटरला दगड असतो. माथा किती दूर, सध्या उंची किती, पुढच्या किलोमीटरला सरासरी चढ किती टक्के, हे त्यावर लिहिलेले. दमलेल्या माणसाला पुढचा किलोमीटर नऊ टक्क्यांचा आहे की पाचचा, हे कळण्याने केवढा फरक पडतो! आणि त्या दगडाला खर्च तो किती?

फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर, जर्मनीत दोन मीटर अंतर सोडावे असा कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा व्हावा असे मला वाटते, पण ते आपल्या हातात नाही आणि मी ते आपल्याकडे मागत नाही. रंगाची रेषा मात्र आपल्या हातात आहे.

पण नुसती रेषा पुरणार नाही. शिंग्रोबाच्या खालच्या भागात, जिथे जुना रस्ता स्वतंत्र आहे, तिथे रंगवलेली पट्टी आणि सलग, खड्डे नसलेली साइडपट्टी पुरेशी आहे. जिथे दोन्ही रस्ते एक होतात तिथे मात्र पट्टीला भौतिक आडोसा हवा. काँक्रीटचा दुभाजक, नाहीतर निदान मोटारीला आत शिरू न देणारे खांब. मिसिंग लिंकवर वाहने गेल्यावर या टप्प्यात जागा निर्माण होणार आहे. ती पुन्हा वेग वाढवण्यात खर्च होऊ नये, ही माझी खरी भीती आहे. रस्ता रिकामा झाला की राहिलेल्या गाड्या जोरात धावतात, हे कुठल्याही सोमवारी दुपारी घाटात उभे राहिले की दिसते. शिवाय बोगद्यातून कोणती वाहने जाणार आणि कोणती घाटातच राहणार, हे आपण ठरवाल तेव्हा हेही पाहावे की घाटात उरणारी वाहने बहुतेक करून जड असतील. कमी गाड्या पण सगळ्या अवजड, आणि त्यांना मोकळा रस्ता, हे सायकलसाठी आजच्यापेक्षा वाईट होऊ शकते. म्हणून पट्टी आधी आखा. वाहनांना मोकळ्या रस्त्याची सवय एकदा लागली की मग त्यातून हातभर जागा काढणे जड जाईल.

दुसरी मागणी रविवार सकाळची. पहाटे साडेपाच ते साडेआठ, तीन तास, खोपोली ते शिंग्रोबा या जुन्या रस्त्यावरून चढणाऱ्या लांबच्या मोटारी आणि अवजड वाहने वळवावीत. पूर्ण रस्ता बंद करा, असे मी म्हणत नाही, आणि जे म्हणतात त्यांनी खोपोलीत चार दिवस राहून पाहावे. इथून लोणावळ्याला कामाला जाणारी माणसे आहेत, कॉलेजची मुले आहेत, दवाखान्यात जाणारे पेशंट आहेत. रविवारी सकाळी त्यांना अडवून सायकलवाल्यांनी घाट मिरवावा, हे मला मान्य नाही. एसटी, रुग्णवाहिका, दुचाकी, स्थानिक गाड्या जाऊ द्याव्यात. पण पुणे गाठायला निघालेल्या मोटारीला द्रुतगती मार्ग आणि मिसिंग लिंक असताना याच तीन तासांत याच चढावरून जाण्याचे काही कारण नाही. हे काम महामार्ग पोलिसांच्या सहकार्याने होईल. त्यासाठी नवीन बांधकाम करावे लागणार नाही.

ही पट्टी फक्त महागड्या सायकलींसाठी आहे, असा समज झाला तर तो दूर करते. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईच्या यात्रेला मुंबई, ठाणे, रायगडमधल्या कोळी आणि आगरी गावांतून पालख्या पायी निघतात. त्यातल्या कितीतरी पालख्या हाच घाट चढतात. अनवाणी बाया, कडेवर पोर घेतलेले बाप, पुढे ढोल-ताशा, आणि शेजारून ट्रक. त्यांनाही चालायला हीच कडा आहे. घाटाच्या कुशीतल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवरची माणसे रोज डोक्यावर मोळी किंवा करवंदाची पाटी घेऊन याच कडेने जातात. घाटात काम करणारे मजूर साध्या, गिअर नसलेल्या सायकली हाताने ढकलत वर नेतात. त्यांना कुणी सायकलपटू म्हणत नाही, पण चढ त्यांच्यासाठीही तोच. दीड-दोन मीटरची सुरक्षित कडा झाली तर तिचा लाभ या सगळ्यांना आमच्या आधी मिळेल, आणि तसाच तो मिळावा.

शिंग्रोबाचे देऊळही याच रस्त्यावर आहे. इंग्रजांना घाटाची वाट सापडत नव्हती तेव्हा एका धनगराने आपल्या गुरांच्या पायवाटेवरून ती दाखवली, आणि बक्षीस काय हवे असे विचारल्यावर देशाचे स्वातंत्र्य मागितले म्हणून त्याला गोळी घातली, अशी कथा आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. आजही ट्रकवाले तिथे थांबून नारळ वाहतात, चालत्या गाडीतून नाणे टाकतात, आणि सायकलवाले घोटभर पाणी पिऊन हात जोडतात. वाट दाखवणारा माणूस पायी चालणारा होता. त्याच्या देवळासमोरून पायांच्या बळावर जाणाऱ्याला धडपणे जाता येऊ नये, ही गोष्ट मला सहन होत नाही.

सायकलवाले बेशिस्त असतात, असे म्हटले जाईल. काही असतात. तिघे-चौघे बरोबरीने गप्पा मारत चढतात, वळणावर थांबून फोटो काढतात, उतारावर डोळे मिटल्यासारखे सुटतात, मागचा दिवा लावत नाहीत. त्यांना आमच्याच लोकांनी खडसावले पाहिजे, आणि पोलिसांनी दंड केला तर मी पोलिसांच्या बाजूने उभी राहीन. पण बेशिस्त मोटारवाले आहेत म्हणून कुणी द्रुतगती मार्ग बांधायचा थांबला नाही. पट्टी आखली तर शिस्त लावणेही सोपे होईल, कारण सायकलची जागा कुठली आणि मोटारीची कुठली हे दोघांनाही दिसेल.

सायकलवर इतके माणूसबळ, इतकी चर्चा कशाला, असेही कुणी विचारेल. खोपोलीत १९१५ पासून टाटांचे वीजकेंद्र आहे. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी नळांतून पाचशे मीटर खाली कोसळते आणि त्याची वीज होते. तीच उंची सायकलवाला उलट दिशेने चढतो. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर पाचशे मीटर वर जायला लागणारी ऊर्जा सव्वाचार लाख ज्यूलच्या आत भरते, म्हणजे विजेच्या एका युनिटच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी. घाट चढण्याचा याहून स्वस्त, याहून बिनधुराचा मार्ग माणसाने अजून शोधलेला नाही. कुणी सगळ्यांनी सायकलने पुण्याला जावे असे म्हणत नाही. पण ज्याला जायचे आहे, त्याला राज्याने मरणाच्या भीतीशिवाय जाऊ द्यावे.

पट्टी होईपर्यंतही काही कामे लगेच होण्यासारखी आहेत. रस्त्याकडेच्या गटारांवरच्या लोखंडी जाळ्यांच्या सळ्या काही ठिकाणी रस्त्याच्या दिशेने आहेत. त्यांच्या फटीत सायकलचे चाक अडकते. त्या आडव्या बसवाव्यात. वेग कमी करायला घातलेल्या रंबलरच्या पट्ट्या कडेपर्यंत नेल्या आहेत. मोटारीला त्या जेमतेम खडखडाट करतात, सायकलवाल्याचे मनगट आणि तोल दोन्ही घालवतात. कडेचा मीटरभर भाग सोडून त्या घालाव्यात. डांबराचा नवा थर देताना साइडपट्टी तेवढीच उंच करावी. आज कित्येक ठिकाणी डांबराच्या कडेला चार बोटांची पायरी आहे, आणि मागून भोंगा वाजला की माणूस नेमका तिच्यावरून खाली जातो. डावीकडच्या वळणांत आतल्या बाजूला ट्रकमधून सांडलेली रेती आणि खडी साचते, दरडीची माती येते. पावसाळा संपला की घाट झाडून काढायचा, हे काम कंत्राटात वेगळ्या शब्दांत लिहावे, म्हणजे ते राहून जाणार नाही.

या कामांसाठी प्रत्यक्ष जागा पाहायची असेल, तर आपल्या अभियंत्यांनी कुठल्याही रविवारी पहाटे खोपोलीला यावे. आम्ही पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत त्यांच्यासोबत चालत येऊ, जिथे जाळ्या उभ्या आहेत, जिथे पायरी आहे, जिथे पट्टीला जागा सहज आहे आणि जिथे ती खरोखरच अडचणीची आहे, ते सगळे खडूने खुणा करून दाखवू. मोटारीतून ही पाहणी होणार नाही. त्यांना सायकलवरून यायचे असेल तर सायकलीही देऊ.

मिसिंग लिंकनंतरच्या घाटरस्त्याच्या आराखड्यात या पट्टीचा समावेश आहे की नाही, नसेल तर तो कधी करता येईल, आणि रविवारच्या तीन तासांबाबत महामार्ग पोलिसांशी आपण बोलणार का, या तीन प्रश्नांची उत्तरे आपण जाहीरपणे द्यावीत, ही विनंती. पत्र खुले आहे, तेव्हा उत्तरही खुले असावे. घाटात पट्टे मारण्याचे आणि दुभाजक बसवण्याचे काम पावसाळ्यानंतर सुरू होते. उत्तर त्याआधी मिळाले तर त्याचा उपयोग होईल.

आपली,
खोपोलीतील एक सायकलस्वार